कोरडी बोटं

नागपूरच्या गांधीटोपीवाल्या पाहुण्यांच्या हट्टाखातर दवनीवाड्यात सहभोजन झालं. बायकांच्या पंगतीत पाटलीण अनुसयाबाई महारवाड्यातल्या धुरपताबाईला खेटून बसली. धुरपताबाईला भरून आलं. चार घास पोटात गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पाटलिणीची बोटं अजून कोरडीच होती. पाटलाच्या घरच्या साऱ्यांचीच कोरडी होती.

पाहुण्यांना कसलं दिसतंय! समतेवर भाषणं ठोकून ते गेले.

"धुरपते, काऊन उभी रायली?" भरल्या पत्रावळींकडे बोट दाखवत पाटलीण म्हणाली. "उचल हे सारं, तुह्या नातवायले होईन. आमाले जागा सारवाची हाय."

धुरपताबाई पत्रावळी घेऊन तडक उकिरड्यावर गेली. तिथं तिला नातवंडांची तोंडं आठवली, आणि ती पत्रावळी तशाच घेऊन घराकडे वळली.