शिवणीतली माया

गल्लीत तिला सगळे टेलरआजी म्हणत आणि तिच्या शिवणकामाला एकच नाव ठेवत: माया फार सोडते. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की उसवून कपडा सैल करता येतो. "चार बोटं माया? आजी, मी काय हत्ती होणार आहे?" गिऱ्हाईक विचारी. "झालीस तर माझ्याकडेच ये," आजी म्हणे.

लेकीच्या पिवळ्या ड्रेसला तर तिने हात सैल सोडून माया ठेवली होती. लेक म्हणजे नुसती टकळी. ती हसायला लागली की शेजारचे विनाकारण हसत. पण लग्नानंतर ती अंगाने भरलीच नाही. घरी आली की दर खेपेला ड्रेस टीप मारून आत घ्यावा लागे. "वाळत चाललीयस गं." "फॅशन आहे आई." मग एक दिवस नवऱ्याने तिला मारून टाकलं. तो तुरुंगात गेला, नात आजीकडे आली आणि ड्रेस कपाटात गेला.

घरच्या मारहाणीत गेलेल्या बायांची आठवण यंदा सगळ्यांनी मिळून करायची, असं वस्तीने ठरवलं. सभागृहात प्रत्येकीसाठी एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर तिचा एक कपडा. आजीने ड्रेस इस्त्रीला काढला, तशी नात म्हणाली, "खुर्चीवर नको टाकूस. मी घालते."

लेकीमागे त्या ड्रेसला तिने कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"तुला व्हायचा नाही. खांदे बघ तुझे."

"माया आहे ना? तूच ठेवलीयस."

आजी उसवायला बसली. आधी शेवटच्या भेटीतली टीप, मग त्याआधीची. प्रत्येक टिपेच्या वेळी लेक हात वर करून समोर उभी राहिली होती, "आटप ना गं" म्हणत अखंड बडबडत. आजी रडली, मनसोक्त रडली, नातीपासून लपवलं नाही. आतलं कापड उघडलं, तर बाहेरचं धुऊन धुऊन विटलेलं आणि आतलं कोरं, झगझगीत पिवळं.

"दोन रंग दिसतील गं."

"दिसू देत."

सभागृहात नात सरळ आईच्या खुर्चीवर जाऊन बसली. शाळेतल्या बाई लगबगीने आल्या. "बाळा, ही रिकामी ठेवायचीय."

"राहू द्या बाई," आजी म्हणाली. "माझ्या लेकीची जागा आहे, तिचीच लेक बसलीय."

बाईंनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. नात उठली नाही.

"बाबा आईला सारखं गप्प बसवायचा," ती म्हणाली. "इथेपण गप्पच?"

बाई स्वतःच खाली बसल्या. "बोल बाळा. तू सांग."

"आई कुकरशी भांडायची. म्हणायची, शिट्टी तू मारतोस आणि बोलणी मी खाते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि घाबरून तोंडावर हात धरला. आजी वळली. "हसा हो. ती हसवायलाच बोलायची." मग शेजारच्या खुर्चीमागचा म्हातारा बाप पुढे आला आणि आपली पोर किती बेसूर गायची ते सांगू लागला.

घरी आल्यावर नातीने आरशात वळून पाहिलं. "आजी, माया संपली का आता?"

आजीने शिवण चाचपली. "बोटभर आहे अजून. तू वाढ."