बाइंडरच्या बायकोची पुटपुट

पायाची नखं कापून घेताना माणसानं निदान पाय तरी हलवू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. नवऱ्याला तेवढंही जमत नव्हतं. कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला वाकायची बंदी केली होती, वजन उचलायची बंदी केली होती आणि नाक शिंकरायचं तर नावच काढायचं नव्हतं. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. म्हणजे नखं मी कापायची, बुटाचे बंद मी बांधायचे आणि त्याचं नाक हुळहुळायला लागलं की "तोंड, तोंड" असे हातवारे करत मीच धावायचं. एवढं करून हे गृहस्थ गुदगुल्या होतात म्हणून अंगठा मागे घेत होते.

"मेल्या, पाय सरळ ठेव, नाहीतर नखाबरोबर अंगठाही जाईल," मी म्हणाले.

तो प्रेमानं हसला. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या कानातली हाडं वर्षानुवर्षं आखडत गेली होती. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. ओरडून बोललं तर थोडंफार पोचायचं. तो पुस्तकं बांधतो. शिवण घालायला आणि खळ लावायला कान लागत नाहीत, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझंही अडलं नाही. मी शाळेच्या ऑफिसात खिडकीवर बसते. दिवसभर पालकांना "हो, तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणून म्हणून माझा जबडा दुखतो. घरी आले की चप्पल काढता काढता माझी पुटपुट सुरू व्हायची. त्यात मुख्याध्यापिका असायच्या, नणंद असायची, आणि सगळ्यात जास्त तो असायचा. मोठ्यानं बोलताना "अहो, जेवायला चला," आणि हळू आवाजात सरळ अरे-तुरे. शिव्या असायच्याच, पण या वयात नवऱ्याच्या तोंडावर बोलवत नाही असंही बरंच काही असायचं. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरबरोबर चालत मी म्हणाले होते, "लवकर बाहेर ये रे, मला फार भीती वाटते." त्यावर तो म्हणाला, "हो हो, चष्मा पिशवीत ठेवलाय."

मग एके दिवशी डॉक्टरांनी उजव्या कानातली पट्टी काढली. नर्सनं ट्रे ठेवला तसा तो दचकला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. डावा कान पुढच्या वर्षी करू, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मात्र छळाला सुरुवात झाली. हा पंखा पहिल्यापासून असाच कुरकुरतो का, असं त्यानं विचारलं. मी चपला फरफटवत चालते, हा त्याला शोध लागला. चहा पिताना माझा आवाज होतो, हेही त्यानं मला समजावून सांगितलं. मी शेगडी पुसत होते. सवयीनं जे तोंडात आलं ते पुटपुटले, तर बाहेरच्या खोलीतून प्रश्न आला, "कोण नालायक?"

कुणी नाही, म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. शाळेत गोड बोलायचं, घरी येऊनही गोडच बोलायचं. एकदा न्हाणीघरात नळ सोडून पुटपुटून पाहिलं, तर हा दाराबाहेर उभा राहून विचारतो, आत कोण आहे. त्याला ऐकू येतंय याचा मला आनंदच होता, नव्हता असं कसं म्हणू? पण हक्काची जागा गेली होती. माझं डोकं दुखायला लागलं. मी त्याच्यावर चिडायची ती मनातल्या मनात, आणि मनातल्या मनात चिडण्यात काही राम नसतो.

रविवारी दुपारी त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मला ऐकू यायला लागलं आणि तू बोलायचीच बंद झालीस."

"बोलते की. आत्ताच नाही का चहा ठेवू म्हणून विचारलं?"

"ते नाही गं. ते दुसरं."

मी त्यानं खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली.

"मला ऐकू यायचं नाही, पण दिसायचं," तो म्हणाला. "तुझे ओठ सारखे हलत असायचे. मी ऑपरेशनला तयार कशासाठी झालो असं वाटतं तुला? पंखा ऐकायला?"

"ऐकण्यासारखं काही नसतं त्यात. निम्म्या शिव्या असतात तुम्हाला."

"आणि बाकीचं निम्मं?"

मी सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण बाहेर पडला तो शाळेच्या खिडकीतला आवाज. तसं काही विशेष नाही, असं मी अगदी अदबीनं म्हणाले, आणि माझा मलाच राग आला.

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला, पलंगावर आडवा झाला, उजव्या कुशीवर वळला आणि बरा झालेला कान उशीत खोल दाबला. डावा कान वर आला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"बोल आता," तो म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं, नको इतक्या मोठ्यानं.

मी पलंगाच्या कडेला बसले. मुख्याध्यापिकांपासून सुरुवात केली, मग नणंद घेतली. त्याच्यापर्यंत यायला मला बराच वेळ लागला. मान अवघडली असणार, तरी तो कूस न बदलता तसाच पडून राहिला.