पारखीबाबांचं पाणी

बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे गादीच्या खुर्चीत पारखीबाबा, समोर टेबलावर काचेचं वाडगं, वाडग्यात नितळ पाणी. एकेकानं पुढे जायचं, शिष्येनं दिलेल्या टॉवेलाला हात पुसायचे आणि पाण्यात बुडवायचे. घरच्यांची आणि देवाची सेवा प्रेमानं केली असेल तर पाणी तसंच राहणार. नाइलाज म्हणून केली असेल तर पाण्यालाच लाज वाटणार आणि ते गुलाबी होणार.

"देवाला घाम नको, भाव हवा," बाबा आळवून आळवून सांगत होते. ज्यांना घरात कधी घाम फुटला नव्हता, ते सगळे भक्तिभावानं माना डोलवत होते.

मी तिथे गेले ती शेजारच्या दोघी बहिणींबरोबर. त्यांचे वडील चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. डावं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. त्यांचं सगळं धाकटी करायची आणि उरलेल्या वेळात शर्टांना काजं-बटणं करून घर चालवायची. थोरली दुसऱ्या गावी असते. वर्षातून दोनदा येते, उशाशी बसून रडते, फळांची पिशवी ठेवते आणि जाते. बाबांचं नाव तिनंच काढलं होतं.

थोरलीनं हात बुडवले. पाणी नितळ. लोकांनी हात जोडले. मग वाडग्यात नवं पाणी ओतून धाकटीला बोलावलं. तिची बोटं आत जाताच गुलाबी रेघा सुटल्या आणि बघता बघता सगळं वाडगं रंगलं.

"तू बापाला सांभाळत नाहीस, ओझं सांभाळतेस," बाबा म्हणाले. असली सेवा देवापर्यंत पोचत नाही, म्हणून चाळीस दिवस आश्रमात येऊन निर्मळ सेवा शिकायची, असं फर्मान सुटलं. निर्मळ सेवा म्हणजे काय, तर आश्रमाचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचे. वडिलांकडे कोण बघणार, हे तिनं विचारलं. देव बघेल, असं उत्तर आलं.

असल्या पाण्यावर विश्वास ठेवतेस म्हणून वाटेत मी तिला वेड्यात काढलं. ती खाली मान घालून चालत होती.

"खोटं नाही ते, मावशी. परवा तिसऱ्यांदा चादर बदलताना मी चिडले होते. मनात आलं, सुटले तर बरं."

बाबांनी नेमकं हेच हेरलं होतं. माणूस सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधीतरी असं येतंच. त्यावर बोट ठेवायला दिव्यदृष्टी लागत नाही, निर्लज्जपणा पुरतो.

थोरली तिच्या गावी निघून गेली. धाकटी आश्रमात जाऊ लागली. वडिलांना दुपारी मी भरवायची, पण त्यांना एकटीनं कुशीवर वळवणं मला जमेना. नवव्या दिवशी त्यांच्या पाठीला जखम दिसली. मग मात्र माझं डोकं फिरलं.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नळ्या धुतल्या आहेत. तो गुलाबी रंग मी पहिल्याच दिवशी ओळखला होता, पण पुराव्याशिवाय ते कुणी मानलं नसतं. बाटलीतलं एक बिनरंगी औषध पाण्यात घालतात. त्यात धुण्याचा सोडा पडला की पाणी गुलाबी होतं. आठवीची मुलंही हा प्रयोग करतात, फक्त त्यांना कुणी बाबा म्हणत नाही. सोडा हाताला कुठून लागतो, तेवढं कळायचं होतं. तीन दिवस मी पुढच्या रांगेत बसले. टॉवेल दोन होते, एक पांढरा, एक निळ्या काठाचा. निळा कायम दमट. शिष्या रांगेतच गोड बोलून चौकशी करायची. गावात राहणारी, हाताला कसब असलेली बाई सापडली की निळा टॉवेल पुढे यायचा. परगावची थोरली आश्रमाच्या काय कामाची? तिला पांढरा.

चौथ्या दिवशी मी धाकटीला शेजारी घेऊन रांगेत उभी राहिले. मला शिवता येतं, असं शिष्येला ठोकून दिलं. निळा टॉवेल आला. तो हातात घेतला आणि हात न पुसता सबंध टॉवेलच वाडग्यात बुडवला. पाणी भडक गुलाबी झालं.

"बाबा, या टॉवेलानं कुणाची सेवा नाइलाजानं केली?" मी विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा गरजले, की नास्तिकाच्या स्पर्शानं पाणी बाटलं. मी टॉवेल बाहेर काढला आणि पिशवीतलं अर्धं लिंबू वाडग्यात पिळलं. रंग गेला, पाणी परत नितळ.

"घ्या. अर्ध्या लिंबात पाप फिटलं. आता निळ्याला हात पुसून तुम्ही बुडवा."

बाबांना एकाएकी ध्यान लागलं. गर्दीतले निम्मे लोक निघून गेले. निम्मे मात्र मलाच शिव्या देत बसून राहिले.

धाकटी घरी आली ती थेट वडिलांच्या खोलीत. तिनं त्यांना कुशीवर घेतलं, जखम पुसली, औषध लावलं आणि हमसून हमसून रडली. मी वडिलांना विचारलं, ही तुमचं मनापासून करते की नाइलाजानं? इतक्या दिवसांत ज्याची सेवा चालली होती त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी शब्द जुळवायला बराच वेळ घेतला.

"चिडते," ते म्हणाले. "पण हात... हळू लावते."

लोकहो, प्रेम असंच असतं. ते दमतं, कुरकुरतं आणि तरी चादर बदलतं. तुमच्या सेवेची परीक्षा घ्यायला कुणी वाडगं मांडून बसला, तर आधी त्याच्या टॉवेलाकडे बघा. आणि देव असेलच, तर तो काचेच्या भांड्यात बसून तुमच्यावर रंग धरणार नाही, एवढा विश्वास त्याच्यावर ठेवा.