उलटे वेढे

आईने शर्ट उजेडात धरला, वरून दुसरं बटण उलटं करून पाहिलं आणि शिवणयंत्र थांबवलं.

"हे तू लावलंयस."

डावरीने हातातली सुई खाली ठेवली. शर्ट तिच्या वर्गातल्या लंबूचा. सकाळीच त्याचे वडील झिजलेली कॉलर उलटवायला टाकून गेले होते. बटणाखालचे धाग्याचे वेढे मात्र उलटे, डाव्या हाताचे. ती खोड मोडायला आईने तिला लहानपणापासून टोकलं होतं. शिंपिणीच्या पोरीने शिंपिणीपासूनच धागा लपवायला निघावं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

कल्पना तिघांची होती. डावरी, लंबू आणि चष्मिस, तिघांचा एकमेकांवर जीव. कोणावर जास्त नाही, कोणावर कमी नाही. हे सांगून कोणाला पटणार? म्हणून सांगितलंच नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर हात धरून बसायचं, एवढंच काय ते. आणि बटणांची अदलाबदल. प्रत्येकाच्या शर्टावर, छातीपाशी, दुसऱ्याचं बटण. तिन्ही डावरीनेच लावली होती.

"येतीलच एवढ्यात त्याचे वडील," आई म्हणाली. "घालते त्यांच्या कानावर."

"नको गं आई! ते त्याला शाळेतून काढतील, काकाच्या गोदामावर पाठवतील. बजावलंय त्यांनी. तो परत दिसायचाही नाही!"

"मग आधी सुचायला हवं होतं."

तेवढ्यात चष्मिस आली, नेहमीसारखी न विचारता थेट आत. आईने तिलाच धरलं. "बघ तुझ्या मैत्रिणीचे प्रताप!"

शर्ट पाहून चष्मिस पांढरीफटक पडली. पण पोरगी मोठी धीराची, खो खो हसत सुटली. "अहो काकू, ही सगळ्यांचीच बटणं लावते. माझं बघा की!"

आईने पाहिलं. तेच वेढे. तिचा जीव भांड्यात पडला. "अगं बाई, आणि मी मेली काय काय मनात आणलं!"

डावरीला हसू आणि रडू एकदमच आलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

"पण असलं काम माझ्या घरातून जायचं नाही हं." आईने लंबूच्या शर्टाचं बटण कात्रीने काढलं आणि डब्यात टाकलं. ते चष्मिसचं बटण होतं. दोघी बघत राहिल्या.

"ये गं, तुझंही नीट लावून देते."

कात्री पुढे आली आणि चष्मिसचा हात झटकन बटणावर गेला. "नको काकू. राहू द्या ना." तिचं हसू कधीच गेलं होतं.

आईने त्या मुठीकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीची मूठही स्वतःच्या बटणावर होती.

"तिघंही?" आईने हळूच विचारलं.

डावरीने मान डोलावली.

दारावर थाप पडली. "ताई, झाला का शर्ट?" लंबूचे वडील होते.

"आई, पाया पडते तुझ्या."

आईने बटणांचा डबा ओढला.

"थांबा जरा," ती दाराकडे ओरडली. "एक बटण लावायचं राहिलंय."

तिघी डब्यावर वाकल्या. आई एकेक बटण उचलून चष्मिसपुढे धरत होती, "हे? का हे?" पण सगळी सारखीच पांढरी होती. चष्मिसला स्वतःचं बटण ओळखता येईना.