पहिली किक

डोमाजीने शर्यती सोडल्याला सात वर्षं होऊन गेली होती, तरी बालाघाटात नवी मोटरसायकल आली की ती आधी त्याच्याच दारात यायची. हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पहिली किक डोमाजीने मारायची, हा रिवाज कुणी पाडला देव जाणे. जबलपूरच्या मैदानावर मोटरसायकलच्या शर्यतीत तो ओळीने चार वर्षं पहिला आला होता. त्याच्या पायाने सुरू झालेली गाडी दगा देत नाही, अशी लोकांची पक्की खात्री. ती खात्री त्याच्या अंगाला मानवली होती.

त्याचा उजवा गुडघा कामातून चालला होता, हे मात्र त्याच्या बायकोला, सत्यभामालाच तेवढं ठाऊक. रोज ती तेल कोमट करून चोळायची. "लोकायले सांगून टाका ना आता," ती म्हणायची.

"सांगतलं तर मंग मी कोन?" तो विचारायचा.

बहात्तर सालच्या दसऱ्याला कटंगीचा प्रेमलाल नवी गाडी घेऊन आला. अंगणात पन्नासेक माणसं जमली. डोमाजीने वाकून पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारली. गाडी गप्प. दुसरी मारली, तरी गप्प. तिसऱ्या वेळी पाय अर्ध्यातच घसरला आणि त्याने हँडल घट्ट धरलं.

प्रेमलाल चटकन खाली वाकला. "माहीच चूक हाय, दादा. कॉकच बंद होता."

लोक हसले, मोकळे झाले. सत्यभामाने मनातल्या मनात त्या पोराला आशीर्वाद दिला. कोणाचं काय जातंय, निभावून न्यावं, असं तिला वाटलं. तिने डोळ्यांनी नवऱ्याला विनवलंही.

पण न जिंकलेलं काही घेण्याची त्याला सवय नव्हती. "कॉक म्या खोलला होता, बाबू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाडी चांगली हाय तुही. पाय गेला माहा."

प्रेमलालने स्वतः किक मारली आणि गाडी पहिल्या झटक्यातच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी डोमाजी बाजारात गेला आणि लगेच परत आला. सत्यभामा धास्तावली. "कोनी काई बोललं काय?"

"नाई. लय मायेनं वागले सारे." तो ओट्यावर टेकला. "सावलीत बसवलं. झोला हातातून घेतला. एक जन तर रस्ता पार करून द्याले आला."

एक्केचाळीस वर्षांचा होता तो. सांगून टाका म्हणणारी आपणच होतो, हे आठवून सत्यभामाला रडू फुटलं, आणि तोच तिची समजूत घालू लागला.