लायमनला गप्प करायची कृती

कंपनीने मेलमध्ये फार गोड भाषेत कळवलं होतं. ग्राहकांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून या महिनाअखेरीपासून आम्ही न्यूजग्रुपची सोय बंद करत आहोत. लायमन यॉस्टने ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं. चांगली सेवा देता यावी म्हणून सेवा बंद, काय हुशारी आहे बघ! नेल्डा स्वयंपाकघराच्या टेबलाशी घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. ती 'हं' म्हणाली. नवऱ्याच्या बोलण्याला ती गेली कित्येक वर्षं 'हं'च म्हणत आली होती आणि तेवढ्यावर त्यांचा संसार उत्तम चालला होता.

२००८चा उन्हाळा होता. ओहायोत काय, सगळ्या देशातच इंटरनेट कंपन्यांना एकाएकी नीतिमत्तेची उबळ आली होती. कुठल्याशा न्यूजग्रुपांतून घाणेरडी चित्रं फिरतात असा बोभाटा झाला आणि कंपन्यांना आयतं निमित्त मिळालं. दोन खोल्यांत उंदीर निघाले म्हणून त्यांनी सगळी इमारतच पाडायला काढली. त्या इमारतीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे होते, मधमाश्या पाळणारे होते, आणि एका कोपऱ्यात लायमनचा काकडीच्या लोणच्यांचा गट होता. लोणच्यांच्या गटात आजवरचं सर्वांत अश्लील लिखाण म्हणजे व्हिनेगरवाल्यांनी मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याबद्दल काढलेले उद्गार.

न्यूजग्रुपची गंमत अशी की त्याला मालक नसतो. जगभरच्या सर्व्हरांवर तोच मजकूर फिरत राहतो, आपण आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरून वाचायचा, त्यात आपली भर घालायची. कुणी कुणाला हाकलून देऊ शकत नाही. लायमनला हे फार पटायचं, कारण बाकी सगळीकडून तो हाकलला गेला होता. नोकरीत असताना तो वजनमापांचा निरीक्षक होता. पेट्रोलपंपांची मापं तपासायचा आणि पंपवाल्यांना रडवायचा. तिथून निवृत्त झाला. जत्रेत लोणच्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसायचा, तर एका वर्षी त्याने कुणालाच बक्षीस दिलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही. चर्चच्या जेवणावळीत तो उभा राहिला की लोक पाय मोकळे करायला बाहेर जायचे. उरला होता तो हा गट. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन लायमन तिथे बसायचा आणि लोकांना सुधारायचा.

गटाची नियमावली त्यानेच लिहिली होती आणि दर महिन्याला तो ती न चुकता टाकायचा. उत्तर नेहमी मूळ मजकुराच्या खाली लिहावं, डोक्यावर नव्हे. खरं नाव वापरावं, टोपणनावामागे लपू नये. आणि एखादा माणूस नकोसा झाला तर त्याला आपल्या किलफाइलमध्ये टाकावं. ही किलफाइल म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमधली एक खासगी काळी यादी. ज्याचं नाव तिच्यात घातलं त्याचं लिखाण आपल्याला दिसतच नाही, आणि आपण दिसेनासे झालोय हे त्या बापड्याला कळतही नाही. पूर्वी लोक कुणाला यादीत टाकलं की गटात तशी दवंडी पिटायचे. लायमनने त्यांना झापलं. जागा वाया जाते. करायचं ते गुपचूप करावं.

गेली काही वर्षं कुणीही त्याच्याशी वाद घालत नव्हतं. एखादा नवखा यायचा, लायमन त्याची हजेरी घ्यायचा, नवखा चार दिवस फणफणायचा आणि मग तोही शांत व्हायचा. लायमनच्या मते गटाला अखेर वळण लागलं होतं.

आता गटात रडारड सुरू झाली. विस्कॉन्सिनची डोरीन, जिची लसणाची काकडी सगळ्या गटात नावाजलेली, तिने विचारलं की महिनाअखेरीनंतर आपण भेटायचं कुठे. लायमनने तिला ताबडतोब सविस्तर उत्तर दिलं. युरोपातल्या एका विद्यापीठाचा सर्व्हर आहे, फुकट आहे, नाव नोंदवा, पत्ता बदला, आपला हाच गट तिथे जसाच्या तसा मिळेल. कृती अगदी बिनचूक होती. शेवटी, प्रश्नात दोनदा उद्गारचिन्ह टाकल्याबद्दल त्याने डोरीनला समजही दिली.

दुसऱ्या दिवशी जॉर्जियाच्या हॅस्केलने तोच प्रश्न पुन्हा विचारला. लायमनने पुन्हा उत्तर दिलं, जरा कडक शब्दांत. तिसऱ्या दिवशी बर्निस नावाच्या बाईने सुचवलं की आता काही इलाजच नाही, तर आपण सगळे एका वेबसाइटवर जाऊ. लायमनने ती वेबसाइट उघडली. वरच्या कोपऱ्यात टोपी घातलेली काकडी नाचत होती, बाजूला गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात होती, आणि तळाशी लिहिलं होतं की कोणत्याही सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार मालकांकडे राहील. तिथे आपण आठवडाभरही टिकणार नाही हे लायमनला पक्कं ठाऊक होतं. हा गट तिकडे गेला की सकाळी कॉफी घेऊन बसायला त्याच्यासाठी जगात कुठेही जागा उरणार नव्हती.

त्याने तिसऱ्यांदा लिहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही, आणि डोरीनने नाचऱ्या काकडीच्या बाजूने मत दिलं. लायमन घरभर येरझारा घालू लागला.

"समोर उत्तर लिहून ठेवलंय आणि हे आंधळे विहिरीत उडी मारायला निघालेत," तो म्हणाला.

"आज तू माझ्या डोळ्यांपुढे नकोस," नेल्डा म्हणाली. "सरक. मी सांगते त्यांना."

त्याच कॉम्प्युटरवर तिचाही मेलचा पत्ता होता, बहिणीशी बोलण्यापुरता, माहेरच्या नावाचा. नेल्डा स्टकी. त्या नावाने तिने दोन ओळी खरडल्या. बायांनो आणि बाबांनो, रडता काय असे, हा घ्या फुकट सर्व्हरचा पत्ता, चला सगळे, मीही येते. ते तिने बर्निसच्या मजकुराच्या डोक्यावर लिहिलं, वर एक हसरा चेहराही टाकला. लायमनने डोळे मिटून घेतले. तिने शेंगांची टोपली पुढ्यात ओढेपर्यंत पाच उत्तरं आली होती. डोरीनने देवाचे आभार मानले. हॅस्केलने लिहिलं होतं, "नेल्डाताई, इतक्या दिवसांत हे एकालाही कसं सुचलं नाही?"

हे वाक्य लायमनच्या तीन उत्तरांच्या बरोबर खाली होतं. लायमनने ते वाचलं, वर जाऊन आपली उत्तरं जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं, पुन्हा खाली आला. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. हे इतकं नवलाचं होतं की नेल्डा शेंगा टाकून उठून आली. त्याने तिला किलफाइल म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"म्हणजे तू बोलत राहतोस आणि त्यांना ऐकूच येत नाही?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. आणि मीच लिहिलं होतं, गुपचूप करा म्हणून."

"घरात चालते का रे ती?" नेल्डाने विचारलं. मग त्याचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं, आणि ती म्हणाली की माझं नाव तुला काही दिवस वापरायला देते, पण मी वाचल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही.

अशा रीतीने, टोपणनावामागे लपणाऱ्यांना आयुष्यभर झोडपणारा लायमन यॉस्ट बायकोच्या परकरामागे लपला. स्वतःची समजूत त्याने घातली होती की नाव खरंच आहे, बाईही खरीच आहे, फक्त लिहितो मी. तो लिहायचा, नेल्डा त्यातले टोमणे काढून टाकायची, उरायची ती नुसती मदत. त्या मदतीवर लोक फिदा झाले. बर्निसला नोंदणी जमेना, नेल्डाने जमवून दिली. हॅस्केलचा पासवर्ड हरवला, नेल्डाने धीर दिला. महिना संपायच्या आत लोणच्यांचा अख्खा गट बिऱ्हाड उचलून नव्या सर्व्हरवर आला आणि नाचरी काकडी एकटीच नाचत राहिली.

आणि इथे लायमनचं नशीब उघडलं. लोकांच्या काळ्या याद्या त्यांच्या कॉम्प्युटरमध्येच होत्या, पण जुन्या कंपनीच्या खात्याला चिकटलेल्या. त्या तिकडेच राहिल्या. नव्या घरात सगळ्यांच्या याद्या कोऱ्या. लायमनने स्वतःच्या नावाने भीतभीत एक ओळ टाकली: मीही पोचलो. तर चक्क उत्तरं आली! हॅस्केलने विचारलं, "अरे लायमन, आहेस अजून? आम्हाला वाटलं तू कधीच वर गेलास." डोरीनने त्याला काकड्या आतून पोकळ का निघतात ते विचारलं. त्याने सांगितलं, काकडी तोडल्यापासून बरणीत जाईपर्यंत फार वेळ जातोय तुझा. तिने आभार मानले. लायमनला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने जेवताना नेल्डाच्या मीठ घालण्यावर काहीसुद्धा टीका केली नाही.

"हात आवर आता," नेल्डाने बजावलं. "मिळालंय ते सांभाळ."

त्याने आवरला, अगदी मनापासून आवरला. पण डोरीनने उत्तर मजकुराच्या डोक्यावर लिहिलं होतं. एकदा लिहिलं, त्याने ओठ चावले. दुसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा त्याने अगदी प्रेमाने, फक्त सहा परिच्छेदांत, ते किती अडाणीपणाचं आहे ते समजावून सांगितलं. त्या लिखाणाने आतलं बूच उडालं. बर्निसचं व्हिनेगर पातळ निघालं, हॅस्केलची बरणी उकळण्याची पद्धत रानटी निघाली, आणि आठवडा संपता संपता नियमावली पुन्हा गटात येऊन पडली.

मग एका सकाळी हॅस्केलने सगळ्यांसमोर विचारलं की माझी जुनी किलफाइल गेली, इथे नवी कशी करायची? एका गृहस्थांना तिच्यात बसवायचं आहे. नाव सांगत नाही, तुम्ही शहाणे आहात.

खाली हशा पिकला. आम्हालाही हवी, आम्हालाही हवी, म्हणून रांग लागली. लायमनची कानशिलं तापली. तो ते सगळं वाचत राहिला आणि त्याला लागलं, खूप लागलं. या लोकांना उचलून इथे आणलं कुणी? त्याने!

डोरीनने उत्तर दिलं, आणि चुकीचं दिलं. तिने सांगितलं की 'विषय' या चौकटीत त्या माणसाचं नाव टाका. लोकांनी टाकलं. दुपारपर्यंत तक्रारी आल्या, अहो, हा अजून दिसतोच आहे. डोरीन म्हणाली, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. लोकांनी केलं. लायमन दिसतच राहिला. शेवटी कुणीतरी म्हणालं, नव्या सर्व्हरवर ती सोयच नसावी, सोसू आता. गट हळूहळू हार मानायला लागला.

"सुटलास," नेल्डा त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "आता काहीच करू नकोस. नुसता गप्प बस. आयुष्यात एकदा."

लायमन गप्प बसला. सँडविच खाल्लं. बाहेर जाऊन टोमॅटोच्या काठ्या सरळ केल्या. परत आला तर आणखी एका नवख्याला डोरीनने तेच सांगितलं होतं, 'विषय' चौकटीत नाव, आणि नवख्याने तिचे आभार मानले होते. चुकीच्या उत्तराचे आभार. लायमन उभ्याउभ्याच ते बघत होता. मग खुर्ची ओढून तो बसला आणि नेल्डाच्या नावाने लिहू लागला.

'विषय' नव्हे, 'प्रेषक' निवडा. त्यात नाव टाकू नका, मेलचा पत्ता टाका, कारण माणूस नाव बदलून परत येऊ शकतो. मग 'कायमचं' या पर्यायावर खूण करा. ती केली नाही तर महिन्याभराने तो पुन्हा दिसू लागेल.

पाठवण्याआधी त्याने नेल्डाला हाक मारली, ठरलंच होतं तसं. तिने वाचलं. काढण्यासारखा एकही टोमणा त्यात नव्हता.

"अरे, तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"कळतंय."

"तू काहीच केलं नाहीस, तर राहशील तिथे."

"चूक होती गं ती," लायमन म्हणाला. "चुकीचं कसं राहू द्यायचं?"

नेल्डाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती 'हं' म्हणाली नाही. त्याने पाठवून दिलं.

चाललं, चाललं, म्हणून एकेक उत्तर यायला लागलं. नेल्डा, तू देवमाणूस आहेस. नेल्डा, किती शांत वाटतंय. बर्निसने नेल्डासाठी मुरंब्याची बरणी पोस्टाने पाठवायची म्हणून घरचा पत्ता विचारला. मग हॅस्केलने सहज विचारलं की नेल्डाताई, तुम्हालाही त्याचा त्रास होता का हो?

लायमनने लिहिलं, "फार. पण सांगायचा ते बरोबर असायचं."

हॅस्केलचं उत्तर लगेच आलं. "तोच तर त्रास."