डोक्यावरची फळी आणि माझा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, जड आणि स्वभावाने थोडी नकचढी. कैरोतल्या बुलाक भागात माझे आयुष्य गेले, आणि माझ्यावर बसून माझ्या मालकाचे, बयूमीचेही. माझी चेन कुरकुरते, मागचे चाक डुलते, पण दिव्याचा विषय निघाला की मी आजही तोऱ्यात असते. का, ते ऐका.

माझा सांगाडा एका कारखान्यातून आला, चाके दुसऱ्याच कुठून तरी, आणि सीट मोडीत निघालेल्या एका बहिणीची. मला घेतले तेव्हा बयूमीचे लग्न व्हायचे होते. काम तेव्हाही हेच होते. पहाटे मुअल्लिमा तफीदाच्या, म्हणजे आमच्या मालकीणबाईंच्या, भट्टीतून गरम रोट्या निघत. खजुरीच्या काड्यांच्या लांबलचक फळीवर त्यांचा ढीग रचायचा, फळी बयूमीच्या डोक्यावर, आणि बयूमी माझ्यावर. एक हात फळीला, एक हात हँडलला. खिडकीत कुणी मुलगी दिसली की तो उगाच एक गिरकी जास्त घ्यायचा. लग्न झाल्यावर बायकोने, इन्साफने, ती गिरकी बंद केली.

माझ्या पुढे डायनॅमोचा गोल दिवा होता. जोरात पळवले की उजळायचा, हळू केले की मिणमिणायचा. म्हणजे वळणावर, खड्ड्यापाशी, जिथे पाहिजे नेमका तिथेच तो डोळे मिटायचा. रस्ता आम्हा दोघांना पाठ होता, म्हणून निभावले.

मग एका हिवाळ्यात पाण्याच्या नळासाठी आमची गल्ली खणली. पहाटेच्या अंधारात बयूमीने चरापाशी वेग कमी केला, दिवा मिणमिणला आणि आम्ही दोघे आडवे. रोट्या चिखलात पसरल्या. दारे उघडली, लोक धावले. एकेक रोटी उचलून, तिचे चुंबन घेऊन, कपाळाला लावून त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली. कुणी रागावले नाही, म्हणूनच बयूमीला जास्त लाज वाटली. मलाही वाटली.

मुअल्लिमा मात्र स्पष्ट बोलली. "बयूमी, तुझ्यावर माझी माया आहे. पण उसळवाल्या सबरीच्या गिऱ्हाइकांनी काय नुसती उसळ चाटायची? अजून एकदा पडलास, तर फेरी माझ्या भाच्याच्या तीनचाकीला."

सव्वीस वर्षांची फेरी! बयूमी त्याच दिवशी रिफअतच्या सायकलच्या दुकानात गेला. "सगळ्यात झगझगीत एलईडी दे," म्हणाला. रिफअत खूश. त्याने मुठीएवढा, बॅटरीवर चालणारा दिवा काढला आणि त्याचा झोत छतावर मारला. छतावरची पाल पळाली. बयूमीला एवढी परीक्षा पुरली.

दुसऱ्या पहाटे मी काय मिरवले म्हणून सांगू! पण उसळवाला सबरी समोरून ओरडला, "उस्ताद, विमान उतरवतोयस का रे? दिसेना मला!" त्याचा डाव ताटलीऐवजी गिऱ्हाइकाच्या बुटावर रिकामा झाला. समोरून येणाऱ्या गाडीवानाने आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आणि गंमत बघा, समोरच्या इमारतीचा तिसरा मजला लख्ख दिसत होता, पण माझ्या चाकापुढचा चर काही दिसेना. जेमतेम बोटभर अंतराने आम्ही वाचलो.

घरी इन्साफने सगळे ऐकून घेतले. "दिवा वर तोंड करून का बसवलास?"

"मग? मला समोर बघावं लागतं. डोक्यावर फळी असताना मान खाली घालता येते का?"

"आणि दुकानात दिवा बघितलास, तेव्हा डोक्यावर फळी होती?"

बयूमी फळी आणायला उठला. मला तर घंटा वाजवावीशी वाटली.

त्याच संध्याकाळी आमची वरात रिफअतच्या दुकानात शिरली. मी, माझ्यावर बयूमी, त्याच्या डोक्यावर फळी. फळीवर वजन हवे, म्हणून इन्साफने रिफअतचे टायर रचले. मग शटर ओढून अंधार केला आणि आपली एक चप्पल जमिनीवर टाकली.

"हा खड्डा. दिसतोय?"

"नाही."

"मान हलवू नकोस! दुसरा दिवा लाव, रिफअत."

"इन्साफबाई, माझं दुकान आहे हे!"

"म्हणूनच तर आले. लाव."

पहिला दिवा मधोमध एक पांढरा ठिपका पाडायचा, बाकी काळोख. दुसरा चप्पल दाखवायचा, पण पुढच्या भिंतीपर्यंत पोचायचा नाही. इन्साफ चप्पल जवळ टाकायची, लांब टाकायची, कोपऱ्यात टाकायची. मग स्वतः समोर उभी राहून डोळे दिपतात का बघायची. सातवा दिवा पेटला आणि बयूमी हसला. उजेड खाली रुंद पसरला होता. वरच्या बाजूने तो सरळ कापल्यासारखा थांबत होता. जवळची चप्पल दिसली, लांबची दिसली, आणि इन्साफच्या डोळ्यांत काही गेले नाही.

"हा?" रिफअतचा चेहरा पडला. "हा तर स्वस्तातला आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसेल, एवढं पुरे," इन्साफ म्हणाली.

दुसऱ्या पहाटे मुअल्लिमा स्वतः चरापलीकडे सबरीच्या गाडीपाशी येऊन उभी होती. शेजारी भाचा, तीनचाकी चालू ठेवून. आम्ही वळणावर आलो. बयूमीने वेग कमी केला, दिवा तसाच राहिला. चराची कड, पलीकडचा मातीचा ढीग, मधली हातभर वाट, सगळे आधीच दिसले. बयूमीने मान हलवली नाही, मी चाक डुलू दिले नाही. आम्ही पार झालो! सबरीने डोळ्यांवर हात घेतला नाही. त्याने आनंदाने डाव पातेल्यावर बडवला.

मित्रांनो, तुमच्या सायकलीला दिवा घ्याल, तेव्हा तिला दुकानात न्या. रोजचे ओझे घेऊन तिच्यावर बसा आणि मगच निवडा. दिव्याचे तोंड रस्त्याकडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्याची काच पुसा. आम्हाला मागता येत नाही, म्हणून सांगते.

मुअल्लिमाने हाताच्या इशाऱ्याने भाच्याला घरी पिटाळले. "बयूमी, ही फेरी तुझीच. आणि उद्यापासून नदीकाठची फेरीही तुझी. घेशील?"

बयूमी नुसता उभा. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

"अरे, हो तरी म्हण! निदान मान तरी हलव!"

"कशी हलवू, मुअल्लिमा?" तो रडत रडत हसला. "डोक्यावर तुमच्या रोट्या आहेत."